दोनदा भाजलेलं बिस्कीट आणि बहारीनमधला एक महिना

माझी भाची पुढच्या महिन्यात आठवडाभर बहारीनला फिरायला चालली आहे. परवा फोन करून म्हणाली, "मावशी, तू राहून आलीयेस ना तिथे? काय बघू, काय खाऊ, ते सांग." मी सांगायला लागले आणि बऱ्याच वेळाने तिच्या लक्षात आलं, की मावशी अजून मुंबईच्या विमानतळावरच अडकली आहे. तेव्हा ती म्हणाली, लिहूनच काढ. म्हणून हा खटाटोप. मी गेले होते १९८२ च्या मे महिन्यात. तेव्हाच्या किमती, रस्ते आणि दुकानं यांच्यावर विसंबून कोणी बेत आखू नका, फसाल. बिस्किटाची कृती मात्र अजूनही चालते, ती वाटेत येईल.

आमचं गाव मालवणपासून बसने तासाभरावर. मी शेजारच्या गावातल्या शाळेत शिक्षिका होते. माझं आणि मधुकरचं लग्न १९७८ मध्ये झालं आणि हळद पुरती उतरायच्या आत तो बहारीनला गेला. (लिहिताना अरेतुरे करते आहे, समोर अजूनही 'अहो'च.) गिरगावातल्या एका बेकरीत तो पाव आणि नानकटाई करायला शिकला होता. त्या जोरावर मनामातल्या, म्हणजे तिथल्या राजधानीतल्या, एका मोठ्या हॉटेलच्या बेकरीत लागला. रजा दोन वर्षांतून एकदा. चार वर्षांच्या संसारात आम्ही एका छपराखाली जेवढे राहिलो, त्याहून जास्त दिवस मी एसटीच्या थांब्यावर काढले असतील. तो रजेवर आला की पाहुण्यासारखा वागायचा, आंघोळीचं पाणी मागतानाही संकोचायचा. आणि मीही त्याला पाहुण्यासारखंच वाढायचे.

तर त्याने माझ्या उन्हाळ्याच्या सुट्टीत महिन्याभराचा व्हिजिट व्हिसा काढला. गावाला वाटलं, बाईंची चैन आहे. खरं कारण सासूबाईंना आणि मला ठाऊक होतं. तो तिकडे आणि मी इकडे, हे किती वर्षं चालायचं, याचा एकदा काय तो निकाल लावायचा होता. सासूबाईंचा तोंडावर बोलायचा स्वभाव. माझ्या बॅगेत कोकमं, कुळथाचं पीठ आणि सुके बांगडे कोंबता कोंबता त्या म्हणाल्या, "जा. पण एक बघून ये. तो परत येतलो काय नाय, ता एकदाचा कळांदे."

सहारहून विमान निघालं तेव्हा आत नव्वद टक्के पुरुषमाणसं होती आणि सगळी गप्प. माझ्या शेजारी रत्नागिरीकडचा एक गवंडी होता. त्याने विमानात दिलेली लिमलेटची गोळी तोंडात न टाकता रुमालात बांधून ठेवली. कोणासाठी, ते मी विचारलं नाही. तीनेक तासांत बहारीन आलं. विमानाचं दार उघडलं आणि भाताच्या टोपावरचं झाकण काढल्यावर तोंडावर येते तशी वाफ आली. त्या क्षणी मला घरी परत जावंसं वाटलं. भाचीबाई, मे महिन्यात जाऊ नकोस. डिसेंबर ते फेब्रुवारी हवा छान असते म्हणतात, मला ती बघायला मिळाली नाही.

विमानतळ मुहर्रक नावाच्या बेटावर आहे आणि तिथून समुद्रातल्या रस्त्याने मनामाला जायचं. मला न्यायला मधुकर आला होता आणि त्याच्याबरोबर पिकअप घेऊन दत्तूभाऊ. दत्तूभाऊ देवगडचे, एका कंपनीत ड्रायव्हर, मधुकरच्याच खोलीत राहणारे. महिनाभर आम्हा दोघांना जागा रिकामी करून देण्यासाठी ते उम्म अल हस्समला एका मित्राकडे झोपायला गेले होते. झोपायलाच फक्त, कारण बाकीचा वेळ ते आमच्याकडेच असायचे. "वहिनीनू, बसा पुढे, यल्ला, चला," म्हणत त्यांनी माझी बॅग अशी उचलली, की आतल्या बांगड्यांचा वास लागलीच बाहेर आला. त्या वासाने त्यांचा चेहरा एकदम उजळला. मधुकर मागे सामानाबरोबर बसला. लग्नाला चार वर्षं झालेला माझा नवरा मला विमानतळावर एवढंच म्हणाला, की प्रवासात त्रास नाही ना झाला.

खोली नईममध्ये होती. जुनी वस्ती, बोळ अरुंद, खाली एक किराणा दुकान आणि एक शिंपी. दोन खोल्या, खिडकीत घरघरणारा एसी आणि स्वयंपाकघरात एक भलामोठा गॅसचा ओव्हन. बेकरीत काम करणारा माणूस घरी काय काय भाजत असेल, म्हणून मी कौतुकाने ओव्हनचं दार उघडलं, तर आत कांदे आणि दत्तूभाऊंच्या चपला. दोन पुरुषांचं घर होतं ते. पहिले दोन दिवस मी नुसती घासत होते.

त्यानंतर भटकंती सुरू झाली. मधुकरची शिफ्ट पहाटेची, म्हणजे दुपारनंतर तो मोकळा. बाब अल बहारीनच्या कमानीतून आत शिरलं की सूक, म्हणजे जुना बाजार. तिथे सोन्याच्या दुकानांपासून लुंगीपर्यंत सगळं, आणि दुकानदार हिंदी बोलणारे. एका गल्लीत कृष्णाचं देऊळ आहे, कितीतरी पिढ्यांचं जुनं. तिथे घंटा ऐकली आणि मला उगीचच रडू आलं. दिनारला त्या वेळी साधारण पंचवीस रुपये पडायचे, त्यामुळे प्रत्येक वस्तू हातात घेतली की मी मनातल्या मनात गुणाकार करून परत ठेवायचे. पोट भरायला मात्र काही लागत नसे. कोपऱ्यावरच्या भट्टीत माणसाच्या छातीएवढा गरम खुबूस, म्हणजे तिकडची रोटी, मिळायचा, त्याबरोबर डाळ किंवा साफी नावाची मासळी. साफी तळून खा, आपल्या माशांची आठवण येणार नाही असं मी म्हणणार नाही, पण थोडी कमी येईल.

एका संध्याकाळी दत्तूभाऊंनी पिकअपमधून अधारीला नेलं. गोड्या पाण्याचा मोठा झरा, दगडांनी बांधलेला, पोरं त्यात सूर मारत होती. वाळवंटातल्या बेटावर एवढं पाणी जमिनीतून आपणहून वर येतं, याचंच मला अप्रूप. तो झरा पुढे आटला असं कळलं. परतताना पश्चिमेकडच्या किनाऱ्यावर गेलो, तर सौदीला जोडणारा पूल समुद्रात उभा राहत होता, नुसते खांब. दत्तूभाऊ म्हणाले की हा झाला की इथून गाडीने जग फिरता येईल. मधुकर म्हणाला, की मालवणला तेवढं नाही जाता येणार. मी त्याच्याकडे बघितलं, पण तो खांबांकडे बघत होता.

मुहर्रकला जाल तेव्हा जुन्या घरांच्या गल्लीत एखाद्या चहाच्या दुकानात बसा. आम्ही बसलो तिथे चहाबरोबर बगसम नावाचे कडक टोस्ट दिले. बाकावर एक म्हातारे बहारीनी गृहस्थ टोस्ट चहात बुडवून शांतपणे खात होते. दत्तूभाऊंनीही बुडवला, मीही. मधुकरने मात्र कोरडा चावला आणि हळूच म्हणाला, "आमच्या शेफसाहेबांनी हे बघितलं ना, तर उठून जातील."

हे शेफसाहेब म्हणजे ब्रुनो, हॉटेलच्या बेकरीचे मुख्य. इटलीतल्या प्रातो गावचे. मधुकर घरी इतर काही बोलत नसे, पण ब्रुनोसाहेबांबद्दल विचारलं की त्याची गाडी थांबत नसे. त्यांनी त्याला एक बिस्कीट शिकवलं होतं, त्यांच्या गावचं. एके दिवशी त्याने मला हॉटेलच्या मागच्या दाराने नेऊन त्यांना भेटवलं. साठीचे, बुटके, गुडघे दुखणारे, भुवया पिठाने पांढऱ्या की वयाने ते कळत नव्हतं. ते इंग्रजी बोलायचे, त्यात इटालियन आणि वर आमच्या लोकांकडून उचललेलं 'जल्दी जल्दी'. मी शिक्षिका आहे कळल्यावर त्यांनी मला मुलांना शिकवावं तसं सगळं दाखवलं.

तर कृती. मैदा, साखर, अंडी आणि सालासकट अख्खे बदाम. लोणी नाही, दूध नाही. त्याचे हाताएवढे लांब चपटे लोळे करायचे आणि भाजायचे. बाहेर काढून, गरम असतानाच, धारदार सुरीने तिरके काप करायचे. मग ते काप आडवे मांडून पुन्हा भट्टीत. त्याच्या नावाचा अर्थच 'दोनदा भाजलेलं', आणि आपण ज्याला त्याला बिस्कीट म्हणतो तो शब्दही तिथलाच, असं साहेब म्हणाले. हे त्यांच्या गावच्या कोणा हुशार हलवायाचं डोकं नव्हे. फार जुन्या काळी सैन्याबरोबर आणि जहाजावर न्यायला टिकाऊ काहीतरी हवं, म्हणून लोक पाव पुन्हा भाजून त्यातलं पाणी काढून टाकायचे. पाणी गेलं की बुरशी नाही, महिनोन् महिने राहतो. बदाम आणि साखर पुढे आली, बरे दिवस आल्यावर. त्यांच्याकडे जेवणानंतर ते गोड वाइनमध्ये बुडवून खातात. मी विचारलं, चहात चालेल का? त्यांनी छातीवर हात ठेवून डोळे मिटले. मधुकर खाली बघून हसत होता. नवरा हसताना कसा दिसतो, हे मी त्या बेकरीत पहिल्यांदा धड बघितलं.

बाहेर पडल्यावर त्याने खरी गोष्ट सांगितली. ब्रुनोसाहेब जूनअखेर कायमचे गावी चालले होते. मॅनेजरने त्यांनाच विचारलं होतं, की तुमच्या जागी तुमच्या हाताखालचा कोणी आहे, की बाहेरून माणूस आणायचा? ती जागा मधुकरला मिळाली तर फॅमिली व्हिसा आणि झिंज भागात फ्लॅट मिळणार होता. मग मी तिथे कायमची राहू शकणार होते. नाही मिळाली तर आहे तेच, दोन वर्षांतून एकदा येणारा पाहुणा. साहेबांनी अजून नाव सांगितलं नव्हतं. त्यांची अट विचित्र होती. हॉटेलच्या मशीनवर कोणीही चांगला दिसतो, हे बिस्कीट मुळात घरचं आहे, तेव्हा तू ते तुझ्या घरच्या ओव्हनमध्ये कर, मी शुक्रवारी जेवायला येतो, असं त्यांनी सांगितलं. मी मधुकरला विचारलं, की हे तुम्ही मला आज सांगताय? तो म्हणाला, तुझी सुट्टी कशाला खराब करू.

शुक्रवार म्हणजे तिकडचा रविवार. मधुकर पहाटे उठला, कांदे आणि चपला आदल्या दिवशीच हलवल्या होत्या. तो काम करताना मी दारात उभी राहून बघत होते. लोळे झाले, काप झाले, दुसऱ्यांदा भाजून झाले. घरभर बदामाचा असा वास सुटला की खालचा शिंपी वर येऊन विचारून गेला. ट्रेमध्ये काप गार व्हायला मांडून मधुकर आंघोळीला गेला आणि मी खाली नारळ आणायला.

तेवढ्यात दत्तूभाऊ आले. त्यांच्याकडे किल्ली होतीच. हातात मासळीची पिशवी. त्यांनी बघितलं, ट्रे उघडा, आतला ऐवज गरम, वर एसीचा वारा. आपल्याकडे गरम भाकरी अशी उघडी टाकली तर घरातली बाई काय म्हणेल? त्या माणसाने आपला धुतलेला पंचा काढला, सगळे काप त्यात मायेने गुंडाळले, ॲल्युमिनियमच्या डब्यात घातले आणि झाकण घट्ट लावलं. वर आणखी एक जाड टॉवेल. मग समाधानाने मासे साफ करायला बसले.

मी परत आले, मधुकर बाहेर आला, ट्रे रिकामा. दत्तूभाऊंनी कौतुकाने डबा दाखवला. झाकण काढलं तर आतून पाण्याचे थेंब ठिबकले. काप मऊ, ओलसर, दाबले की बोट रुतत होतं. मधुकरने एक उचलला, तो मधोमध वाकला.

"गरम गरम उघडी पडलेली होती," दत्तूभाऊ म्हणाले. "सुकान कडक झाली असती म्हणान मियां झाकलंय."

मग मधुकर खुर्चीत बसला आणि म्हणाला, "खलास." बदाम संपले होते, खालच्या किराणा दुकानात ते मिळत नसत, सूक शुक्रवारी सकाळी बंद आणि साहेब जेवायच्या वेळेला येणार. दत्तूभाऊंचा चेहरा बघवत नव्हता, ते मासळी तशीच टाकून गॅलरीत जाऊन उभे राहिले. मी म्हटलं, पुन्हा भाजू. मधुकर म्हणाला, दोनदाच भाजतात, नावच तसं आहे. मला राग आला. पावसाळ्यात पोहे सादळले की आपण फेकतो का? पापड मऊ पडले की? परत शेकतो आणि खातो. नाव काय असायचं ते असो. मी स्वतःच ओव्हन पेटवला, आच अगदी बारीक केली, काप मांडले आणि वाफ जायला दारात लाकडी कालथा अडकवला.

आणि आम्ही दोघं त्या ओव्हनसमोर जमिनीवर बसलो, कारण आता बसण्याशिवाय काही करण्यासारखं नव्हतं. चार वर्षांत आम्ही असे कधी बसलो नव्हतो. आमच्यात नेहमी ताट असायचं किंवा सासूबाई. घामाने दोघंही निथळत होतो. मी जे बोलायला तीन तासांचं विमान पकडून आले होते, ते तोंडातून आपोआप बाहेर पडलं.

"माका हय रवाचा आसा काय नाय, ता तुम्ही एकदा तरी इचारलास?"

त्याने दारातला कालथा नीट अडकवला. मग म्हणाला, "काय म्हणान इचारू? जागा गावली नाय तर तुका ठेवू खंय?"

"जागेचा मी इचारलंय नाय."

मग तो बोलला. खूप बोलला, इतकं, की मला भीती वाटली काप करपतील. रजेवर आला की घर परकं वाटतं आणि इथे आल्यावर हे परकं वाटतं. माझा आवाज कसा आहे हे मधूनमधून आठवत नाही आणि मग तो घाबरतो. साहेबांची जागा मिळेल, मग मला बोलावू, या आशेवर त्याने दोन वर्षं काढली होती आणि मिळाली नाही तर काय, हा विचार त्याने केलाच नव्हता. मी म्हटलं, आता करा. मला झिंजचा फ्लॅट नको, मला तुम्ही हवेत, इथे किंवा तिथे. असं काही मी आयुष्यात आधी बोलले नव्हते, नंतरही फारसं नाही. बोलून झाल्यावर दोघांनाही इतकी लाज वाटली, की त्याने उठून काप परतायला घेतले.

ब्रुनोसाहेब वेळेवर आले. साफीचं तिखलं आणि भात चमच्याने जेवले, घाम पुसत पुसत. सोलकढीला आधी घाबरले, मग तीन वाट्या प्यायले. नंतर मधुकरने बिस्किटांची ताटली पुढे केली. साहेबांनी एक उचललं, चावलं, आणि एवढा आवाज झाला की दत्तूभाऊंनी डोळे मिटले. त्यांनी ते तोंडातून काढून बघितलं, स्टीलच्या ताटलीवर वाजवलं आणि विचारलं, किती वेळा भाजलंस? मधुकर म्हणाला, तीन वेळा. का, म्हणून साहेबांनी विचारलं. तेव्हा दत्तूभाऊ पुढे आले आणि हिंदीत, भाकरी थापायच्या आणि झाकायच्या हातवाऱ्यांसकट, सगळा गुन्हा स्वतःच्या अंगावर घेतला; मी इंग्रजी करून सांगत गेले.

मला वाटलं साहेब हसतील किंवा चिडतील. दोन्ही झालं नाही. त्यांनी विचारलं, की घरी भाकरी अशी कोण झाकून ठेवतं? दत्तूभाऊ म्हणाले, आई. साहेब म्हणाले, माझीही पाव असाच फडक्यात ठेवायची, आणि फडक्यातला पाव उरला की मग ती त्याचे काप करून दुसऱ्यांदा भाजायची. मग त्यांनी सांगितलं, की फार लांब जाणाऱ्या जहाजांसाठी हे दोनदा नाही, आणखीही भाजत. जेवढा प्रवास लांब, तेवढी भट्टी जास्त.

"हे हॉटेलात चालणार नाही," ते मधुकरला म्हणाले. "हे लांबच्या प्रवासाचं झालं. मी तुझं नाव सांगणार आहे. पण हॉटेल माझं नाही, हे लक्षात ठेव."

आणि मग त्यांनी माझ्याकडे वळून चहा मागितला. मी निमूटपणे आणून दिला. त्यांनी बिस्कीट चहात बुडवलं, चांगलं अर्धं, आणि खाल्लं. मग दुसरं घेतलं. मधुकर त्यांच्याकडे बघत होता तसा मी त्याला देवापुढेही बघितलेला नाही.

महिना संपला तरी मॅनेजरचं उत्तर आलं नव्हतं. शाळा सुरू व्हायच्या आत मला परतायचं होतंच. विमानतळावर मधुकरने एक मोठा चौकोनी पत्र्याचा डबा माझ्या हातात दिला, त्यात बदाम आणून, हॉटेलच्या कामानंतर घरी त्याने मुद्दाम केलेली बिस्किटं होती. तीन वेळा भाजलेली, जाणूनबुजून.

"ह्यो डबो संपलो काय, एक तर तू हय येतलंस, नायतर मियां थय येतलंय," तो म्हणाला. "तिसरा काय नाय."

घरी आल्यावर सासूबाईंनी पहिला प्रश्न तोच विचारला. मी डब्याची गोष्ट सांगितली. त्यांनी एक बिस्कीट हातात घेऊन उलटसुलट बघितलं. "ह्यो काय? टोस्टच मा ह्यो," म्हणाल्या आणि चहात बुडवून खाल्लं. मी मात्र ठरवलं होतं, आठवड्यातून एकच, शुक्रवारी. खाताना मला तो ओव्हन आठवायचा. पुरवून पुरवून खाल्लं तर डबा वर्षभर पुरला असता आणि मला तो पुरायला हवा होता, कारण त्यात त्याच्या हातचं काहीतरी होतं.

पण डबा भराभर रिकामा होत होता. शाळेतून आले की थर खाली गेलेला दिसायचा. आज कुंभारणीला चार दिली, काल पोस्टमनला, परवा भजनी मंडळाला चहाबरोबर. मी एकदा बोललेही, तर सासूबाई म्हणाल्या की पावसात सादळून वाया जातील, खाणाऱ्यांच्या मुखी तरी लागू देत. बिस्किटं अजून कितीतरी महिने टिकणारी होती, मी त्यांना साहेबांची सगळी कहाणी सांगितली होती, सैन्य आणि जहाजांसकट. त्यांनी ऐकून घेतली आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या वाडीतल्या बारशाला पदरात बांधून नेली. श्रावण यायच्या आत डब्यात फक्त चुरा राहिला. तो त्यांनी कोंबड्यांना घातला. मी त्या रात्री त्यांच्याशी बोलले नाही.

भात कापणीला आलं होतं तेव्हाची गोष्ट. मी अंगणात वह्या तपासत बसले होते आणि मधुकर पायवाटेने येताना दिसला. दोन्ही हातांत बॅगा, म्हणजे सगळंच सामान. हॉटेलने बाहेरून माणूस आणला होता. त्याने राजीनामा दिला, दत्तूभाऊंना ओव्हन दिला, आणि आला. मी उठून उभी राहिले, वह्या मांडीवरून खाली पडल्या. सासूबाई दारात आल्या. त्यांनी त्याला आत ये असंही म्हटलं नाही, नुसत्या बघत राहिल्या. मधुकरने माझ्याकडे बघून विचारलं, डबा संपला का? मी म्हटलं, कधीच संपला, तुमच्या आईला विचारा. सगळ्या गावाला वाटून टाकला त्यांनी.

तो आईकडे वळला. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला होता, पण आवाज नेहमीचाच होता.

"डबो संपलो काय येतलंय, असा तूच सांगितलंस मा? मगे. मियां संपवलंय."

त्यानंतर आम्ही मालवणला बेकरी टाकली आणि चौतीस वर्षं चालवली. बदाम परवडत नव्हते म्हणून मधुकर काजू घालायचा. गिऱ्हाईकं त्याला 'बारीनचो टोस्ट' म्हणायची, त्यानेही कधी दुरुस्ती केली नाही. ब्रुनोसाहेबांचं पुढे काय झालं ते आम्हाला कळलं नाही. मी बहारीनला पुन्हा गेले नाही. नईमचा बोळ, अधारीचं पाणी, समुद्रातले ते खांब, सगळं मनात जसंच्या तसं आहे, आणि भाची काढून आणेल ते फोटो बघायची मला फारशी हौस नाही, हे तिने वाईट वाटून घेऊ नये. मधुकरला आता दात उरलेले नाहीत. बिस्कीट चहात बुडवून खातो आणि खाताना एकदा तरी छातीवर हात ठेवून डोळे मिटतो.

तो पत्र्याचा डबा अजून माळ्यावर आहे. लेक पुण्याहून येते, चार दिवस राहते, जाताना मी तिला याच बिस्किटांचा डबा देते आणि सांगते, की संपला की ये. फक्त मोठा डबा कधी काढत नाही. मुद्दाम लहानच देते.